पलंगाच्या पायाशी ओल

सोम., ३ नोव्हें.
पुन्हा तेच. दुपारी झोपून उठलो, पाय खाली टेकवला तर गार लागलं. पलंगाच्या उजव्या पायाशी तळहाताएवढी ओल. वास तोच. दिवाळीपासून चौथी वेळ.
मुलगा नीलेश सातपूरला कंपनीत, सून रूपाली बँकेत. घरात मी आणि कुत्रा. कोणी पाहिलं नाही हे बरं. जुन्या बनियनने पुसलं, वरून फिनेल. बनियन पिशवीत गाठ मारून ठेवलंय, उद्या घंटागाडीत.
गेल्या वर्षी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस थेंब-थेंब होईल, मग थांबेल. थांबलं होतं.
आता कधी होतं तेच कळत नाही. उठल्याचं आठवत नाही. ओल एक वेळ परवडली, पण हे न आठवणं...

बुध., ५ नोव्हें.
सकाळी मैदानावर चार फेऱ्या, रोजचे सोबती वाघ यांच्याबरोबर. ते बोलतात, मी ऐकतो. फाटकाशी तीन भटकी कुत्री माझी वाट बघत असतात. बिस्किटाचा एक पुडा तिघांत. अंगावर चढतात, पायांना अंग घासतात. घरी आलो की आमचा चिवडा माझ्या चपला, पायजम्याची टोकं, हातातली पिशवी, सगळं हुंगून काढतो. जकात नाक्यावरच्या माणसासारखा.
दोन वर्षांपूर्वी रूपालीने रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. अंगावर पिवळं, काळं, तपकिरी, सगळं एकत्र, म्हणून नाव चिवडा. मी दसऱ्यानंतर ओझरचं घर बंद करून इथे राहायला आलो तेव्हापासून माझ्या खोलीच्या दारातच बसून असतो. आत येत नाही फारसा. मला वाटतं, मी त्याला आवडत नाही.
ठरवलं: चारनंतर पाणी नाही.

शनि., ८ नोव्हें.
रूपाली खोलीत आली, चादर बदलली. जाता जाता म्हणाली, "अप्पा, खिडकी उघडी ठेवत जा ना. वास कोंडतो."
नंतर स्वयंपाकघरातून दोघांचं हळू आवाजातलं बोलणं. "तू विचार ना." "मी काय विचारू? वडील आहेत माझे." पुढचं ऐकू आलं नाही, मिक्सर लावला.
मुद्दाम लावला असेल.

मंगळ., ११ नोव्हें.
कपाटात स्वेटर काढायला गेलो. खालच्या कप्प्यात, घडी केलेल्या टॉवेलांच्या मागे एक पुडा. मोठ्या माणसांचे लंगोट. वर चष्मा लावलेल्या हसऱ्या आजोबांचा फोटो.
रूपालीने ठेवला असणार. वाईट मनाने ठेवला नाही, हे कळतं. बोलायला नको म्हणून ठेवला. तरी टॉवेल पुन्हा होते तसे लावले आणि बराच वेळ त्या दाराला टेकून उभा राहिलो.
सुमन असती तर तोंडावर म्हणाली असती, "अहो, हे काय चाललंय?" चाळीस वर्षांच्या संसारात तिने आडून काही सांगितलं नाही.
आज ओलं. दोन ठिकाणी. पलंग आणि लाकडी पेटीचा कोपरा.

शुक्र., १४ नोव्हें.
लासलगावहून धाकट्या भावाचा फोन. रविवारी त्याच्या मुलीचा साखरपुडा. "दादा, तू पुढे बसायचं." मी म्हणालो, गुडघा दुखतो. गाडीतून दीड तास, त्यात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली तर अडीच. मांडवात सगळ्यांसमोर उठताना मागे डाग दिसला तर.
नीलेश म्हणाला, "गुडघा कधीपासून?" मी म्हणालो, थंडी पडली की.
खोटं बोलायला लागलोय. पंचाहत्तरीत.
संध्याकाळी ओझरला गांगुर्डेंना फोन केला. आमचे शेजारी, किल्ली त्यांच्याकडेच असते. म्हणालो, घर झाडून घ्या जरा, पंधरवड्यात येईन म्हणतो. "एकटे?" हो, एकटाच.
तिथे ओल झाली तर माझी मीच पुसेन. कुणाला मिक्सर लावावा लागणार नाही.

रवि., १६ नोव्हें.
ते दोघं लासलगावला. लिफ्ट बंद. मैदानावरून येताना दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, कठड्याला धरून बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी आणलं. दोन घोट घेतले, उरलेलं परत केलं. त्या बघतच राहिल्या.
लघवीला जळजळतं आहे दोन दिवस.

मंगळ., १८ नोव्हें.
आज नीट लिहायचं आहे.
सकाळी ओल पुसायला गुडघ्यावर बसलो. खिडकीतून ऊन थेट पलंगाच्या पायावर पडलं होतं. ओझरहून आणलेला सागवानी पलंग, पॉलिश काळसर. त्यावर पांढरट ओघळ दिसले. वाळलेले, एकावर एक. जमिनीपासून वर गेलेले नव्हे, वरून खाली आलेले. पेटीतून टेप काढली. सगळ्यात वरचा ओघळ नऊ इंचांवर सुरू होतो. पायाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे दाराच्या बाजूला. मी झोपतो त्या बाजूला एकही नाही.
मग पेटीचा कोपरा बघितला. तिथेही तसंच, नऊ-साडेनऊ.
तसाच जमिनीवर बसून राहिलो. पलंगावर झोपलेल्या माणसाकडून झालं तर आधी गादी भिजेल. पायजमा भिजेल. उठून उभ्याने झालं तर ओघळ याहून वरून येतील. महिनाभर गादी कोरडी. पायजमा कोरडा. एकदाही ओला नव्हता, आणि हे मला माहीत होतं, रोज माहीत होतं! कारखान्यात अडतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. हाताखालच्या पोरांना एकच सांगायचो, आधी बघा, मग बोट दाखवा. इथे आरोप माझ्यावर आला आणि मी न बघता कबूल करून मोकळा.
दुपारी जेवून पलंगावर पडलो, डोळे किलकिले ठेवून. चपला नेहमीसारख्या पलंगाखाली. वीसेक मिनिटं गेली. चिवडा दारात आला. थांबला. माझ्याकडे बघितलं. आत आला, चपला हुंगल्या, खूप वेळ. मग पलंगाचा पाय हुंगला. वळला, मागचा पाय वर केला, दोन सेकंद. चमचाभर. आणि निघून गेला, जसं काही पत्र टाकून पोस्टमन जातो.
मी हसायला लागलो. मोठ्यानं. घरात एकटाच. थांबेचना. मग हसू कुठल्या कुठे गेलं आणि डोळे पुसत बसलो.
मी नाही. माझं डोकं ठीक आहे. मी नाही.
चार वाजता दोन पेले पाणी प्यायलो.

बुध., १९ नोव्हें.
काल रूपाली घरी आल्या आल्या तिला खोलीत नेलं. टेप दाखवली, ओघळ दाखवले. ती आधी म्हणाली, "अप्पा, तो दोन वर्षं झाली, बाल्कनीतलं एकदाचं सोडलं तर घरात नाही करत. बाहेरच जातो." मी म्हणालो, मी पाहिलं, या डोळ्यांनी.
ती वाकून बघत होती. मग वर बघितलंच नाही. "म्हणजे इतके दिवस तुम्हाला वाटत होतं की..." मी म्हणालो, तुलाही वाटत होतं. ती रडायला लागली. "मी विचारायला पाहिजे होतं." मी म्हणालो, मीही सांगायला पाहिजे होतं. पुड्याचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.
नीलेश सातला आला. त्याला सांगितलं तर आधी मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की मला कळलं हा किती घाबरला होता. आणि मग भडकला. "वणीला पाठवून देऊ त्याला. मामांच्या मळ्यात राहील." मामा म्हणजे रूपालीचे. गणपतीत चिवड्याने बाल्कनीत एकदा केलं होतं, तेव्हा यानेच त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीने बडवलं होतं म्हणे. मी म्हणालो, मी सुटलो म्हणून त्याला शिक्षा नको. आधी डॉक्टरला दाखवू.
"तुम्हालाही दाखवायचं," रूपाली म्हणाली. "जिन्यात बसला होतात ना रविवारी? वरच्या काकूंनी सांगितलं."
या इमारतीत काही लपत नाही. फक्त कुत्रा सोडून.

गुरु., २० नोव्हें.
दोन डॉक्टर, दोन बाटल्या. दोघांनाही सकाळची पहिली लघवी हवी. माझं काम सोपं होतं. चिवड्यासाठी नीलेश खाली गेला, हातात लांब दांड्याची पळी. रूपाली वरून ओरडली, "माझी आमटीची पळी नको!" मग माझा दाढीचा जुना मग काठीला बांधला. चिवडा पाय वर करायचा, मग खाली काही आलं की बघायचा आणि पाय खाली घ्यायचा. पाच खांब झाले. सहाव्यावर जमलं. वॉचमन टाळ्या वाजवत होता.
बाटल्यांवर मीच नावं लिहिली. अदलाबदल व्हायला नको.
जनावरांची डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी. कंपाउंडर सटाण्याकडचा, चिवड्याला उचलून टेबलावर ठेवत म्हणाला, "काय नाव शे तुनं, राजा?" चिवड्याने त्याचा कान चाटला. आमच्याकडे असा लाडात येत नाही.
तिने नीट विचारलं. किती होतं? कुठे? आडवं की उभं? मी टेपसह सगळं सांगितलं. ती हसली, "आजोबा, तुम्ही माझं अर्धं काम केलं." म्हणाली, नुसतं मोकळं व्हायचं असेल तर कुत्रा भरपूर लघवी करतो, सपाट जागी. हा चमचाभर करतो, उभ्या वस्तूवर, त्याच त्याच ठिकाणी. ही हद्दीवरची सही आहे. "घरात नवीन काय आलं?" मी म्हणालो, मी. माझा पलंग, माझी पेटी. "आणि बाहेरच्या कुत्र्यांचा वास?" तेव्हा मला तीन बिस्किटवाले आठवले. रोज सकाळी मी त्यांचा वास पायांना लावून घरात आणतो, आणि चपला पलंगाखाली ठेवतो. बिचारा रोज बघत असेल की घरात तिघं अनोळखी येऊन गेले.
"राग म्हणून करतो का?" नीलेशने विचारलं. नाही म्हणाली. घर आपलं आहे याची त्याला खात्री वाटेना, म्हणून करतो. झाल्यावर मारलं, ओरडलं तर त्याला एवढंच कळतं की तुमच्यासमोर करायचं नाही. नीलेश खाली बघत होता.
आणि फिनेल बंद. त्याने आपल्या नाकातला वास जातो, त्याच्या नाही.

शनि., २२ नोव्हें.
निकाल आले. चिवडा: स्वच्छ. मी: जंतू. पाणी कमी प्यायल्यामुळे, डॉक्टर म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या. चांगलेच रागावले. "काका, लघवीच्या भीतीने पाणी तोडायचं? या वयात?" रूपाली शेजारीच होती. घरी येऊन तिने माझ्या पलंगाशेजारी मोठा तांब्या ठेवला. रात्री रिकामा दिसला पाहिजे म्हणाली.
प्रोस्टेटचं सध्या ठीक. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

रवि., २३ नोव्हें.
साफसफाई. जनावरांच्या दुकानातून मिळणारं एक पातळ औषध, ते ओलीतला वासाचा अंशच खाऊन टाकतं. पलंगाचा पाय, पेटी, दाराची चौकट (तिथेही होतं, कुणाला पत्ता नव्हता), रूपालीच्या शिवणयंत्राचा पाय. भिजवून ठेवायचं, घासायचं नाही, वाळू द्यायचं. नीलेशने सगळं केलं, गुडघ्यावर बसून. मी खुर्चीत बसून बोट दाखवत होतो.
चपला आता दाराबाहेरच्या खोक्यात. बिस्किटं देऊन आलो की पाय धुवायचे, पायजमा बदलायचा, मगच आत.
बिस्किटं बंद करा म्हणाला नीलेश. ते नाही करणार.

मंगळ., २५ नोव्हें.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं चिवड्याचं ताट माझ्या पलंगाच्या उजव्या पायाशी. जिथे जेवायचं तिथे कुत्रा घाण करत नाही. पहिल्या दिवशी दारातच बसला, जेवेना. मी ताटाशेजारी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. भाकरीचा तुकडा हातावर धरला. दहा मिनिटांनी आला. खाताना पाठ माझ्या मांडीला लावून खाल्लं.
दुपारी आम्ही दोघंच घरी असताना त्याची साखळी माझ्या खुर्चीला. मी उठलो की तोही. आंघोळीला गेलो की माझ्या खोलीचं दार बंद. जरा हुंगायला लागला की "चल" म्हणायचं आणि खाली न्यायचं. दिवसातून चारदा खाली जातोय. रस्ते सगळीकडे खोदून ठेवलेत, त्याला मजा, मातीचे नवे ढीग.
कोरडं.

बुध., २६ नोव्हें.
चिवड्याची नसबंदी. उद्या. नीलेशला पटत नव्हतं. "अप्पा, बिचाऱ्याचं असं कशाला?" रूपाली म्हणाली, "पाठवायला निघाला होतास तेव्हा बिचारा नव्हता?"
डॉक्टरने हमी दिलेली नाही. पुष्कळ कुत्र्यांचं कमी होतं, काहींची सवय उरते. अंगातला जोर उतरायला काही आठवडे लागतात. बाकीचं सगळं चालूच ठेवायचं.

गुरु., २७ नोव्हें.
ऑपरेशन ठीक. दुपारी घरी आणला, गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं. दारांना आपटत फिरतो. शेवटी माझ्या पलंगाखाली जाऊन झोपला. गेल्या वर्षी मी असाच भुलीतून उठलो तेव्हा सुमनच्या फोटोला पाणी मागत होतो म्हणे. याने कुणाला मागितलं नाही. मी आपलं मधे मधे हात खाली सोडून बघत होतो, श्वास चालू आहे का.

सोम., ८ डिसें.
काल लासलगावला पुतणीचं लग्न. गेलो मी! पुढे बसलो. दोनदा उठलो, दोन्ही वेळा वेळेत. भाऊ म्हणाला, "दादा, गुडघा बरा दिसतोय." मी म्हणालो, एकदम.
घरी आलो आणि.
येताना मिळालेली साडीची पिशवी रूपालीने हॉलमध्ये खाली टेकवली. पाय धुऊन येईपर्यंत पिशवीवर. साडीलाही लागलं. बारा दिवस कोरडे गेले होते.
नीलेशचा आवाज चढला. चिवडा टेबलाखाली गेला, तिथे थरथरत बसला. "बास झालं! उद्या वणी!" फोन हातात घेतलाही. मी काही बोलणार तोच रूपाली म्हणाली, ओलीच साडी हातात घेऊन, अगदी हळू आवाजात, "नीलेश, फोन ठेव. या घरात आता न विचारता, न बघता कुणाबद्दलच काही ठरवायचं नाही. एकदा केलंय आपण."
माझ्याकडे बघितलं नाही तिने. बघायची गरज नव्हती.
त्याने फोन ठेवला.
सकाळी डॉक्टरला फोन. ती म्हणाली, अहो, टाके आता निघतील, एवढ्यात कसं होईल? त्यात दिवसभर एकटा, आणि वर शंभर माणसांच्या वासाची नवी पिशवी जमिनीवर. नवीन वस्तू आली की आधी उंचावर, दोन दिवसांनी त्याला आपल्यासमोर हुंगू द्यायची. चूक आपलीच.
साडी ड्रायक्लीनला.

मंगळ., १६ डिसें.
कोरडं. टाके निघाले, नरसाळं गेलं.
नीलेश आज कामावरून लवकर आला आणि स्वतःहून चिवड्याला खाली घेऊन गेला. पाऊण तास. वर आला तेव्हा दोघांच्या पायांना चिखल. म्हणाला, "अप्पा, हा प्रत्येक खांब वाचतो हो. मी आजवर ओढतच नेत होतो." मग पाय पुसता पुसता, "त्या दिवशी सुरळीने मारलं ना मी. तेव्हापासून माझ्यासमोर बाहेरसुद्धा पटकन करायचा नाही. मला वाटायचं शिस्त लागली."
त्याच्या लहानपणी मीही दोनदा मारलं होतं. त्याला आठवतं की नाही, विचारलं नाही.

रवि., २१ डिसें.
रूपाली संध्याकाळी खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली. चिवडा तिच्या पायावर. म्हणाली, "अप्पा, तो पुडा मी दुकानात तीनदा उचलून परत ठेवला होता. मग घेतला. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून लपवून ठेवला. आईंच्या मागे तुम्हाला काय हवं-नको कसं विचारायचं ते मला कळतच नाही."
मी म्हणालो, तोंडावर विचार. सुमन तसंच विचारायची.
"रागावणार नाही?"
रागावेन. पण सांगेन.
हसली. मलाही बरं वाटलं. महिन्याभरात एवढं हलकं वाटलं नव्हतं. ओघळ सापडले त्या दिवशीही नाही.

रवि., २८ डिसें.
कोरडं. वीस दिवस.
वणीहून रूपालीच्या मामांचा फोन. नीलेशने त्यांना आधीच कधीतरी विचारून ठेवलं होतं वाटतं. "मग कधी आणताय कुत्रं? इथं मळ्यात लय जागा हाय." नीलेश म्हणाला, "राहू द्या मामा. अप्पांना करमत नाही त्याच्याशिवाय."
मला करमत नाही म्हणे!

सोम., ५ जाने.
गांगुर्डेंचा फोन. घर झाडून कधीचं तयार आहे, पाण्याची टाकीही धुतली. "येताय ना?" मी म्हणालो, बघू. खरंच ठरवलेलं नाही. ओझरला माझं अंगण आहे, माझी माणसं आहेत. पण तेव्हा जे पळून जाणं होतं, ते आता नाही. जाईन तर सांगून, दिवसाढवळ्या.
रूपालीला सांगितलं. म्हणाली, "जा की, आठ दिवस जाऊन या. चिवड्याला घेऊन जा." मग म्हणाली, "पण तिथला पलंग इथे आहे." तेही खरंच.
रात्री तांब्या रिकामा.

बुध., १४ जाने.
संक्रांत. हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू ठरलंय पुढच्या आठवड्यात. वीस जणी, वीस पर्स, सगळ्या जमिनीवर ठेवणार. रूपालीला आत्तापासून काळजी. मी म्हणालो, त्या दिवशी मी आणि चिवडा माझ्या खोलीत, दार लावून. आम्हाला तिळगूळ आत पाठवा.
चिवडा आता दारात बसत नाही. दुपारी पलंगावरच येतो, पायाशी. नीलेश म्हणतो, लाडावून ठेवलाय. असेल. थंडीत पायांना ऊब लागते, दोघांनाही.
मैदानावरच्या तिघांतलं एक दिसत नाही चार दिवस. वाघ म्हणाले, कुणीतरी नेलं असेल घरी. तसंच धरून चालतो.

शुक्र., १६ जाने.
सकाळी कडाक्याची थंडी. झोपेतून उठलो, घाईने निघालो. स्वेटर, त्याखाली पायजमा, नाडीची गाठ बसलेली. बोटं वळेनात. बाथरूमच्या दारापर्यंत पोहोचलो आणि झालं. थोडं नाही. पायजमा ओला, पॅसेजमध्ये थारोळं.
हे मात्र माझं.
चिवडा मागून आला. ओलीपाशी नाक नेलं, माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात रूपालीचा पोळ्यांचा आवाज. आणि एक क्षण, लिहायला लाज वाटते, पण एक क्षण मनात आलं की कुत्रा इथेच उभा आहे. मी नुसता बाथरूममध्ये जाऊन दार लावलं तरी पुरे. सगळ्यांना तोच वाटेल. पुन्हा कुणी मला काही विचारणार नाही.
तो शेपूट हलवत होता.
हाक मारली. "रूपाली." ती पिठाचे हात घेऊन आली. मी म्हणालो, "हे त्याचं नाही. माझं आहे. गाठ सुटली नाही."
ती ओलीकडे बघत होती, मग माझ्याकडे. कसनुसा चेहरा केला नाही. म्हणाली, "बरं. पाय सांभाळा, घसरेल. आधी गरम पाण्याने आंघोळ करा, मी बादली भरते." पुढे म्हणाली, "आणि पायजम्यांना इलॅस्टिक लावून देते. चारही. आजच."
आंघोळ करून आलो तोवर फरशी पुसलेली होती. चहा झाला होता. तोंडावर विचारलंच तिने: "असं आधी झालंय का? खरं सांगा." मी म्हणालो, नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. म्हणाली, मग तो तीन महिन्यांनी दाखवायचा नंबर आत्ताच लावू. गुरुवारचा मिळाला.
काय निघेल माहीत नाही. थंडीचं असेल, नाडीच्या गाठीचं असेल, पुन्हा ऑपरेशनसुद्धा निघू शकेल.
ती म्हणाली, "मी अर्धा दिवस रजा टाकते, बरोबर येते."
मी नको म्हणालो नाही.